एका कीबोर्डवरचा गेम खानापूर ते निपाणी कसा न्यायचा

माझा गेम लै साधा होता. पायथन भाषेत, पायगेम ही गेम बनवायची लायब्ररी वापरून केलेली बैलगाडा शर्यत, दोन गाडे, वाटेत कुठंही दगड येणार, की दाबून धरली की बैल पळणार पण दमणार पण. एकजण डब्ल्यू-ए-एस-डीवर आणि दुसरा बाणांवर, दोघांची कोपरं एकमेकांना लागायची. सुट्टी संपून मावसभाऊ आमच्या खानापूरहून निपाणीला गेला आणि फोनवर म्हणाला, दादा हे ऑनलाईन कर की. मला वाटलं शनिवार-रविवारचं काम आहे. पुढं जे लिहिलंय ते त्यानंतर जे जे करून चुकलो त्यातूनच आलंय.

पहिल्यांदा मी काय केलं, तर दोन्हीकडं पूर्ण गेम चालू ठेवला आणि प्रत्येकानं आपल्या गाड्याची जागा दुसऱ्याला पाठवत राहायची असं ठरवलं. हरेल त्यानं बेळगावचा कुंदा द्यायचा होता. शर्यत संपली आणि फोनवर तो म्हणतोय "मी जिंकलो", मी म्हणतोय "खुळा की काय, इथं माझा गाडा पुढं आहे". दोघंही खरंच बोलत होतो! त्याच्या गाड्याची जागा माझ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागतोय, त्यामुळं मला तो मागं दिसतोय आणि त्याला मी मागं दिसतोय. वर दगड रँडम, म्हणजे त्याच्या वाटेत वेगळे आणि माझ्या वाटेत वेगळे.

आता खरी शर्यत आठवा. झेंड्याला पंच उभा असतो आणि तो म्हणेल तोच निकाल, गाडीवानाला कोण विचारत नाही. गेममध्ये तो पंच म्हणजे सर्व्हर. खेळाडूचा कॉम्प्युटर, म्हणजे क्लायंट, फक्त "माझी ही की दाबलेली आहे" एवढंच सांगणार, गाडा किती पळाला, दगड कुठं पडला, कोण जिंकलं हे सगळं सर्व्हर ठरवणार आणि दोघांना कळवणार. यात चोरी पण कमी होते, कारण "मी झेंड्याजवळ पोचलो" असं सांगायची सोयच क्लायंटला ठेवलेली नाही.

पण सॉकेटला, म्हणजे नेटवर्कवरून मेसेज पाठवायच्या-घ्यायच्या कोडला, हात लावायच्या आधी गेम तीन भागात तोडा: की वाचणं, गेमची स्थिती पुढं सरकवणं आणि चित्र काढणं. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि इथंच लोक कंटाळतात. माझ्या कोडमध्ये की वाचायच्या ओळीतच गाडा सरकत होता आणि चित्र काढताना दगडाची टक्कर बघितली जात होती, म्हणजे सगळी खिचडी. स्थिती सरकवणारं फंक्शन असं पाहिजे की त्याला जुनी स्थिती आणि दोघांच्या कीज द्यायच्या आणि ते नवी स्थिती देणार, त्यात स्क्रीनचं नाव पण नको. हे जमलं का बघायला गेम खिडकी न उघडता चालवून बघा, चालला तर तोच उद्या तुमचा सर्व्हर आहे.

मग एकाच मशीनवर सर्व्हर चालू करा आणि क्लायंटच्या दोन खिडक्या उघडून १२७.०.०.१ या पत्त्याला, म्हणजे त्याच मशीनला, जोडा. मेसेज पाठवायच्या दोन पद्धती आहेत: टीसीपी हरवलेलं परत पाठवून सगळं क्रमानं पोचवतं, यूडीपी हरवलेल्याची वाट बघत नाही. नवीन माणसानं टीसीपी घ्यावं. यूडीपी फास्ट म्हणतात ते खरं आहे, टीसीपीत एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की मागची सगळी थांबून राहतात, पण दोन गाड्यांसाठी एवढं चालतंय. फक्त नोडिले (TCP_NODELAY) हा ऑप्शन चालू करा, नाहीतर टीसीपी बारके मेसेज थोडे थांबवून एकत्र पाठवतं आणि गाडा धक्के खात पळतो. मेसेज जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या ठरलेल्या रचनेत. पिकल ही पायथनची डेटा साठवायची पद्धत वापरू नका, बाहेरून आलेलं पिकल उघडताना समोरच्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो.

इथं मी दोन दिवस घालवले. मला वाटायचं पलीकडून एकदा सेंड केलं की इकडं एकदा रिसीव्ह होणार. तसं नसतंय. टीसीपी म्हणजे नळाचं पाणी, तुम्ही दोन तांबे ओतले म्हणून पलीकडं दोन तांबेच भरणार असं नाही, कधी अर्धा मेसेज येतो कधी दीड. म्हणून प्रत्येक मेसेजच्या शेवटी नवी ओळ टाका, आलेलं सगळं एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जोडत जा आणि नव्या ओळीपर्यंतचा तुकडा पूर्ण झाला की तेवढाच उचला, उरलेलं तसंच राहू दे.

अजून एक, रिसीव्ह मेसेजची वाट बघत थांबून राहिलं की अख्खा गेम थांबतो. एकतर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, म्हणजे काही आलं नसेल तर ते न थांबता पुढं जाईल, नाहीतर वाचायचं काम वेगळ्या थ्रेडला (बाजूला चालणाऱ्या कामाला) देऊन मेसेज क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाका. सर्व्हरनं सेकंदाला २० वेळा पूर्ण स्थिती पाठवली तरी बास, माझा मेसेज २०० बाईटच्या आसपास होता म्हणजे एका खेळाडूला सेकंदाला ४ केबी.

घरच्या वायफायवर दुसरा लॅपटॉप जोडताना सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकत पाहिजे आणि क्लायंटमध्ये सर्व्हरवाल्या मशीनचा, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. नाही जोडलं तर आधी विंडोज फायरवॉल बघा, कोडला शिव्या नंतर.

निपाणीला मात्र तो पत्ता चालत नाही, तो घरातल्या घरातला आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करता येतं, म्हणजे बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या मशीनकडं वळवता येतं, पण राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साईटवरचा पत्ता वेगळा असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटमागं आहात (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता), तिथं फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. मग स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या किंवा दोघंही टेलस्केल टाका, तो प्रोग्राम लांबची मशीन एकाच खाजगी नेटवर्कवर जोडतो. आम्ही टेलस्केलवर भागवलं.

आता लॅग, म्हणजे नेटवर्कचा उशीर. सेकंदाला २० म्हणजे दर ५० मिलीसेकंदाला नवी जागा येते, तसंच दाखवलं तर गाडा उड्या मारतो. म्हणून चित्र मुद्दाम १०० मिलीसेकंद मागं ठेवून दोन जागांच्या मधून सरकवत न्या. १९९६ च्या क्वेक या गोळीबाराच्या गेममध्ये पण सर्व्हरच सगळं ठरवायचा आणि मोडेमवर खेळणाऱ्यांना की दाबल्यावर हालचाल उशिरा दिसायची, त्यावर त्याच वर्षी क्वेकवर्ल्ड या त्याच्या ऑनलाईन आवृत्तीत क्लायंटनं आपली हालचाल आधीच अंदाजानं दाखवायची पद्धत आणली. ते नंतर करा, बैल दमायचाच गेम असेल तर थोडा उशीर खपून जातोय. घरबसल्या टेस्ट करायला आलेला मेसेज १५० मिलीसेकंद दाबून ठेवून मग वापरा, निपाणी घरातच आणता येते.

कनेक्शन तुटणं दोन प्रकारचं. समोरच्यानं गेम बंद केला तर रिसीव्हला रिकामे बाईट मिळतात. पण खानापूरला पावसात लाईट जाते तेव्हा काहीच येत नाही, सर्व्हर गप्प वाट बघत बसतो आणि निपाणीच्या स्क्रीनवर माझा गाडा की दाबलेल्या अवस्थेत एकटाच पळत सुटतो. एकदा तो तसाच जिंकला पण. म्हणून क्लायंटनं दर सेकंदाला "आहे" एवढं पाठवायचं आणि ५ सेकंद काही आलं नाही की सर्व्हरनं त्याला बाहेर काढून शर्यत रद्द करायची. कुंदा कुणी द्यायचा हे अजून मिटलेलं नाही.