टाका बिघडला म्हणून मशीन बदलू नका: कोकणात घरी शिवणाऱ्या नवख्यांसाठी

बॉबिन भरणं, दोरा ओवणं, खडूच्या रेघेवर सरळ शिवणं एवढं तुम्हाला येतं असं धरून लिहिते. यापुढची अडचण जवळपास सगळ्यांची एकच असते. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो, टाका सुटतो, आणि घरातलं कुणीतरी सांगतं की मशीन गेली, आता नवी घ्या. घेऊ नका. माळ्यावर चढवलेल्या कितीतरी काळ्या मशिनी आजही उत्तम शिवतील. बिघाड सुईत आणि दोऱ्यात असतो, आणि मशीनच टाकून दिली जाते.

खाली गुंता दिसला की हात आधी बॉबिन केसच्या स्क्रूकडे जातो. फसगत इथेच होते, कारण खाली दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. सुई वरचा दोरा खाली नेते. शटलचं टोक त्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं. मग समोर वर-खाली होणारी पट्टी तो फास वर ओढून घेते. त्या वेळी टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण सांभाळणाऱ्या, दोन चकत्यांनी दोरा घट्ट धरलेला असेल तरच फास आवळला जातो. चकत्यांमध्ये दोरा बसलाच नसेल तर फास खाली सैल राहतो, आणि दहा टाक्यांत पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता तयार होतो.

आता दोरा चकत्यांमध्ये का बसत नाही? फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली टेकवून दोरा ओवला म्हणून. फूट वर उचललं की चकत्या उघडतात, खाली सोडलं की मिटतात. मिटलेल्या चकत्यांवरून दोरा नुसता घसरत जातो, आणि वरून पाहिलं तर ओवणी अगदी बरोबर दिसते. म्हणून ओवताना फूट नेहमी वर ठेवा. ओवून झालं की फूट वर असतानाच सुईजवळचा दोरा ओढा, तो मोकळा आला पाहिजे. मग फूट खाली करून ओढा, आता तो चांगला अडला पाहिजे. दोन्ही वेळा मोकळा आला तर स्क्रूला हात न लावता रिळापासून पुन्हा ओवा.

तरीही शंका राहिली तर वर निळा आणि खाली लाल दोरा लावून दुहेरी सुती तुकड्यावर वीतभर शिवा. खालच्या बाजूला निळे फास दिसले तर वरचा ताण कमी आहे. वरच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी. वरचा डायल एका वेळी अर्ध्या आकड्याने फिरवा आणि पुन्हा शिवून बघा. बॉबिनचा ताण तपासायचा तर सुट्या बॉबिन केसमधून आलेला दोरा धरून केस हवेत लटकवा. ती जागेवर थांबली आणि हाताला हलका झटका दिल्यावर थोडी खाली घसरली, तर ताण ठीक आहे. धाडकन खाली आली किंवा झटक्यानेही हलली नाही तरच स्क्रूला हात लावा, तोही एका वेळी अष्टमांश फेरा. आधी स्क्रूच्या खाचेचा फोटो काढून ठेवा आणि खाली पांढरं कापड अंथरा, कारण तो स्क्रू फरशीवर पडला की मिळत नाही.

सुईकडे तर कुणी बघतच नाही. मलमल, व्हॉइलला ११ नंबर, पॉपलीन, केंब्रिकसारख्या रोजच्या सुती कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा आत शिरतो त्या बाजूला हवी आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध. सुई उलटी बसली तर शटलला फास सापडत नाही आणि टाके सुटतात. मोठ्या कारखानी मशीनची सुई गोल दांड्याची असते, घरच्या मशीनची एका बाजूने चपटी. दुकानात नुसतं ‘सुई द्या’ म्हणू नका, आपली जुनी सुई सोबत न्या.

हे समजलं की मशीन निवडणं सोपं जातं. कोकणात माझं मत पायमशीनच्या बाजूने आहे. काळी, लोखंडी, फक्त सरळ टाका घालणारी. तिचे सुटे भाग चिपळूण, कणकवलीसारख्या गावांत मिळतात, चारपदरी जाड कापड ती ओढते, आणि वीज नसली तरी चालते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत बरेच दिवस वीज नव्हती, हे आठवा. तिला झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका, नाही ही खरी उणीव आहे. पण कडा दुमडून बंद शिवण घातली तर कडेचे धागे निघू न देणाऱ्या इंटरलॉकवाचून अडत नाही. जागा कमी असेल किंवा काज-बटणाचं काम जास्त असेल तर हलकी इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन जरूर घ्या. मात्र खोक्यावरच्या टाक्यांच्या संख्येला भुलू नका, सरळ टाका, झिगझॅग आणि काज एवढंच रोज लागतं. हातात धरायची छोटी मशीन मात्र घेऊच नका. ती एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालते, आणि एक टोक सुटलं की अख्खी शिवण उसवते.

जुनी मशीन घेत असाल तर खालची बाजू उघडून बघा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात राहिलेल्या मशीनला सांध्यांत सुका गाळ आणि शटलच्या खोबणीत गंजाचे खड्डे असतात. वरचा रंग नवा असला तरी ते लपत नाहीत. चाक हाताने हळू फिरवा, कुठेही अडखळता कामा नये. सोबत मलमलची पट्टी आणि जीन्सची घडी न्या आणि दोन्ही स्वतः शिवून बघा.

पहिला कपडा ब्लाउज नको. उशीचे अभ्रे, मग सहा कळ्यांचा परकर, मग कुर्ता. परकराला दोन ते सव्वादोन मीटर पॉपलीन लागतं. ते आधी रात्रभर भिजवून वाळवा आणि इस्त्री करा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडेल. कळ्या जोडताना तिरकी कड खाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांकडे ठेवा. दाते खालचा पदर किंचित जास्त ओढतात, त्यामुळे ताणली जाणारी कड आपोआप सामावते. टाका २.५ मिलिमीटरचा. शिवण वाकडी गेली तर उसवा. उसवून पुन्हा शिवताना हात जितका बसतो तितका दुसऱ्या कशाने बसत नाही, त्यात कमीपणा मानू नका.

तयार पेपर कटिंगवर, म्हणजे कापडावर ठेवून कापायच्या कागदी साच्यांवर, माझा फारसा विश्वास नाही. गळा आणि मुंढा कसा वळतो हे बघायला ते ठीक, पण खांदा आणि छातीची उंची प्रत्येकीची वेगळी असते. आठवड्यात ब्लाउज शिकवतो म्हणणाऱ्या क्लासपेक्षा गावातल्या शिंपीकाकांकडे किंवा शिवण करणाऱ्या मावशींकडे काही दिवस नुसतं तुरपाई आणि काजाचं काम करा. त्यांचे हात बघून जे कळतं ते व्हिडिओत दिसत नाही. व्यवसायच करायचा असेल तर आयटीआयचा सिव्हिंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पडवीत उजेड चांगला असतो म्हणून मशीन तिथेच ठेवतात, आणि झडीने तिची वाट लागते. जूनच्या आधी ती आतल्या खोलीत घ्या. समुद्राजवळ घर असेल तर खाऱ्या हवेने सुईखालची पट्टी आणि शटल सगळ्यात आधी गंजतात. आठवड्यातून एकदा बॉबिन केस काढून ब्रशने धूळ आणि दोऱ्याचे तंतू झाडा, शटलला एक थेंब तेल द्या आणि चिंधीवर मिनिटभर चालवा. शिवत नसाल तरीही. तेल शिलाई मशीनचंच हवं. घरात खोबरेल हाताशी असतं, पण ते डिसेंबरच्या थंड सकाळी सांध्यांतच गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं. मग पाय जड होतो आणि पुन्हा मशीनला दोष जातो. असं झालंच असेल तर थोडं रॉकेल सोडून चाक फिरवा, निघालेला काळा मळ पुसा आणि मग नवं तेल घाला. दमट हवेत चामड्याचा पट्टाही सैल होऊन घसरतो. एक टोक सेंटिमीटरभर कापून तारेची क्लिप पुन्हा ठोका. जुने सुती दोरे ओलीने कच्चे होतात. रीळ उघडताना हाताने ओढून बघा, सहज तुटला तर तो टाचायला ठेवा.