घराचं कर्ज काढण्याआधी क्रेडिट कार्ड कसं वापरावं

सिडकोच्या सोडतीत घर लागलं किंवा घोडबंदर रोडला फ्लॅट पसंत पडला, की मगच अनेकांना सिबिल स्कोअरची, म्हणजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीवरून ठरणाऱ्या गुणांची आठवण होते. तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या पुढे असेल तर बँका खुशीने कर्ज देतात. म्हणून निदान वर्षभर आधी तयारीला लागा.

पहिलं काम म्हणजे स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्ज-कार्डांच्या नोंदी बघणं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर त्याच संस्थेकडे ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

आजवर कर्ज किंवा कार्ड काहीच घेतलं नसेल, तर स्कोअरच नसतो. ऐरोली-महापेला नव्याने नोकरीला लागलेल्यांनी बँकेत एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्यावं. मॉलमधल्या स्टॉलवर एकाच दिवशी तीन-चार अर्ज भरू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते.

आता नेहमी चुकतं ते. समजा कार्डाचं लिमिट १ लाख आहे आणि दिवाळीत गोखले रोडवर ७० हजारांची खरेदी झाली. बिल मुदतीत पूर्ण भरलं, तरी मधल्या काळात बँकेने बिलाची बाकी कळवली की रिपोर्टात ७० टक्के वापर दिसतो. हा वापर ३० टक्क्यांच्या आत हवा. मोठी खरेदी झाली, तर बिल निघायची वाट न बघता आधीच पैसे भरून टाका.

‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून सुटलो असं समजू नका. ३० हजारांच्या बिलावर १,५०० भरले, तर उरलेल्या २८,५०० वर महिना साडेतीन टक्क्यांनी सुमारे हजार रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे भरलेल्या १,५०० पैकी जवळपास १,१७७ तिथेच गेले. शिवाय बिनव्याजी मुदत संपते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ऑटो-पे लावताना ‘टोटल ड्यू’ निवडलंय ना, हे दोनदा तपासा. कार्डाने एटीएममधून रोख काढूच नका, तिथे बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत.

थकबाकी झालीच, तर वसुलीवाल्याने सुचवलेली ‘सेटलमेंट’, म्हणजे कमी रक्कम भरून खातं मिटवणं, शक्यतो टाळा. रिपोर्टात ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि गृहकर्ज देणारी बँक नेमका तोच बघते. हप्ते बांधून घ्या, पण रक्कम पूर्ण फेडा आणि बाकी नसल्याचं ‘नो ड्यूज’ पत्र हातात घ्या.

जुनं, फी नसलेलं कार्ड मात्र ठेवा. वीजबिलापुरतं वापरलंत तरी पुरे.