सोलापुरात नवं वृंदगान बसवायचंय? मग आधी 'सा' कुठला ते ठरवा

परवा एका मैत्रिणीच्या विद्यार्थिनीचा फोन आला. विशारद झालीय, स्वतः काहीतरी कंपोज केलंय आणि गावातलीच पंधरा-वीस पोरं घेऊन ते बसवायचंय, ताई कुठून सुरू करू म्हणाली. तासभर बोललो आम्ही आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं लिहूनच ठेवावं, कारण मला हे सांगणारं कोणी नव्हतं आणि निम्म्या चुका मी फक्त त्यामुळं केल्या.

आधी काय केलं ते थोडक्यात. चौदा मिनिटांची एक नवी रचना, २३ मुलं-मुली, वय १४ ते २२, सगळी शास्त्रीय शिकणारी, सगळी सोलापूरची. शब्द माझेच, विणकराच्या मागावरचे. उभा धागा, आडवा धागा, मधून पळणारा धोटा असं. मूळ मराठी आणि मध्ये एक ओळ तेलुगू, एक कन्नड, त्या दोन्ही ओळी पोरींच्या आज्यांकडून आल्या. सोलापुरात हे मुद्दाम करावं लागत नाही, क्लासमध्ये दहा पोरं बसली तरी घरी बोलायच्या भाषा तीन-चार निघतात.

बरं, वृंदगान म्हटलं की आपल्या पोरांच्या डोक्यात काय येतं, तर युवा महोत्सवातलं समूहगान. सहा जण, एकच चाल, जोरात, शेवटी लय वाढवायची आणि हात वर करून संपवायचं. त्यात वाईट काही नाही पण ते सगळे मिळून एकच ओळ गातात. तीन गट तीन वेगळ्या ओळी गातायत आणि तरी एकच गाणं ऐकू येतंय, हा प्रकार आपल्याकडं कमीच. म्हणजे नाहीच असं नाही, दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयात विनयचंद्र मौद्गल्यांनी वृंदगानावर कितीतरी काम केलं, तिकडं दक्षिणेत एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ क्वायर उभी केली. पण आपल्या पोरांनी त्यातलं काहीच ऐकलेलं नसतं, त्यामुळं पहिल्या दोन तालमी मी फक्त ऐकवण्यात घालवल्या आणि त्या वाया गेल्या असं अजिबात नाही.

आता खरा प्रॉब्लेम. मुलं गातात काळी एकमध्ये, मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीला 'सा' मानून. कोणाचा 'सा' धरायचा? मी आधी मधला मार्ग म्हणून पांढरी तीन धरली, तर मुलांचे गळे वर ताणले जायला लागले आणि मुलींचं खालचं काही ऐकूच येईना, दोन्हीकडून बोंब. तीन आठवडे असे गेले. मग एका रात्री पेटी घेऊन बसले तेव्हा डोक्यात आलं की काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार! म्हणजे मुलांचा 'प' तोच मुलींचा 'सा'. आणि मुलं भूप राग गात असतील तर तेच सूर मुलींनी आपल्या 'सा'वरून म्हटले की दुर्गा राग होतो. मूर्च्छना, म्हणजे रागातला दुसराच सूर 'सा' धरला की वेगळा राग निघतो ते, आपण परीक्षेच्या व्हायवापुरती पाठ करतो, भूपाच्या पंचमावरून दुर्गा, धैवतावरून धानी, गंधारावरून मालकंस, ते सगळं इथं कामाला येतं. मुलांचा सा-रे-ग म्हणजे मुलींचा म-प-ध. दोघांना आपापल्या सरगममध्ये लिहून दिलं आणि प्रत्येकाने आपल्या सवयीच्या 'सा'ला धरून गायलं. तानपुरासुद्धा एकच लागतो. काळी एकला पंचमाचा लावला की मुलींना तो आपोआप काळी चारचा मध्यमाचा वाटतो. तबला काळी चारचा, मुलांसाठी तो पंचमात लागलाय असं समजायचं, झालं.

फक्त एक कुरबुर राहते. मुलांचा धैवत (ध) आणि मुलींचा रिषभ (रे) पेटीवर एकच पट्टी, पण गळ्यात नाही. भूपाचा धैवत पोरं जरा उतरता लावतात आणि मुली दुर्गाचा रिषभ सरळ लावतात, दोन्ही एकदम आले की सूर घासल्यासारखा होतो. मुलांना सांगितलं की या दोन जागांवर धैवत देशकार रागासारखा चढा लावा. ज्यांनी देशकार शिकला होता त्यांना लगेच कळलं, बाकीच्यांनी त्यांच्याकडून उचललं. पेटी मात्र तालमीतून बंदच केली, पेटी असली की सगळे पेटीला धरून गातात आणि शेजाऱ्याला ऐकायचं सोडून देतात.

नोटेशनचा घोळ तर विचारूच नका. मी भातखंडे पद्धतीनं लिहून झेरॉक्स वाटले. तीन पोरी वेगळ्या क्लासच्या, त्या पलुस्कर पद्धतीनं शिकलेल्या. भातखंड्यांमध्ये स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्करांमध्ये तेच वरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. सगळे तार षड्जावर चढतायत आणि या तिघी शांतपणे खाली उतरतायत! मला वाटलं मुद्दाम हार्मनी करतायत की काय, आणि गंमत म्हणजे एका ठिकाणी ते इतकं छान लागलं की मी ते तसंच ठेवलं. पण तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कोण कुठल्या पद्धतीचं आहे ते, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात खुणा लिहून द्या.

गुरूंची परवानगी. हे विसरलात तर कामच संपलं. शास्त्रीय शिकणारं पोरगं तुमचं नसतं, ते त्याच्या सरांचं असतं. मी आधी मुलांना व्हॉट्सॲपवर विचारलं आणि मग सरांना, हा क्रम उलटा पाहिजे. एका क्लासमधून निरोप आला की आमच्या मुलांचे आवाज बिघडतील, पाठवणार नाही. राग आला पण त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, चार वर्षं खपून एकेकाचा गळा त्यांनी घडवलेला असतो आणि मी त्याला म्हणणार की एवढा मोठा लावू नको, बाकीच्यांत मिसळव. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्यासमोर दोन ओळी गाऊन दाखवल्या आणि म्हटलं सर तुम्ही एकदा तालमीला येऊन बसा, नाही पटलं तर घेऊन जा पोरांना. आले. शेवटपर्यंत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "आकार एकसारखा करून घे, 'आ' म्हणताना प्रत्येकाचं तोंड वेगळं उघडतंय."

आणि तेच खरं होतं. आपली मुलं गातात उत्तम, पण प्रत्येकाला एकटं गायची सवय. डोळे मिटून गातात, मग माझा हात कोण बघणार? हातवारे करतात, दोन ओळीत उभे केले तर पहिल्याच तालमीला एका तानेत पुढच्या मुलीच्या वेणीत मागच्या मुलाचा हात अडकला. श्वासाचंही तसंच. लांब श्वास हा अभिमानाचा विषय, सगळे ताणून ताणून एकदमच सोडतात आणि मध्येच मोठं भगदाड पडतं. शहरातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा एक मुलगा आमच्यात होता, शास्त्रीयही शिकतो, त्यानं सगळ्यांना दाखवलं की शेजारी श्वास घेतोय तेव्हा तू घ्यायचा नाही, त्याच्या आधी घे नाहीतर नंतर. दुसरा आवाज धरून ठेवायची सवय त्याला लहानपणापासून, आम्ही जे महिनाभर झगडत होतो ते त्याला घरचंच. एक युक्ती मात्र माझी. एक ओळ 'दिवस' या शब्दावर संपते आणि २३ जणांनी 'स' म्हटला की कुकरची शिट्टी सुटल्यासारखं वाटायचं. मग फक्त तिघांनी 'स' म्हणायचा, बाकीच्यांनी 'व'वरच थांबायचं. ऐकणाऱ्याला पूर्ण शब्द ऐकू येतो.

एक पंधरा वर्षांचा मुलगा, सुरुवातीला मुलींच्या ओळीत सुंदर गायचा, आणि प्रयोगाला पाच आठवडे राहिले असताना त्याचा आवाज फुटला. रडायला आला बिचारा. त्याच्यासाठी मी मागाच्या ठोक्यांची एक ओळ लिहिली, लाकडाच्या दोन पट्ट्यांवर वाजवायची. या वयाची मुलं घेणार असाल तर अशी एखादी जागा आधीच हाताशी ठेवा.

मागावरून आठवलं, सगळ्यांना घेऊन एकदा शहराच्या पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो होतो. आत गेल्यावर बोललेलं काही ऐकू येत नाही, आम्ही मोजलं तर एका मागाचे मिनिटाला १२०च्या आसपास ठोके पडत होते, पण शेजारचा माग त्याच्याशी जुळत नाही, तिसरा अजून वेगळा. आमच्या तबलजीनं तिथल्या मामांना ओरडून विचारलं, "मामा, याची सम कुठाय, पहिली मात्रा?" मामा हसले, "सम न् काय बे, धागा तुटला की माग थांबतंय, तेवढंच कळतंय." त्यावरूनच मी शेवटाआधी एक पूर्ण आवर्तन शांतता टाकली, झपतालाच्या दहा मात्रा, धागा तुटतो आणि सगळं थांबतं. तीच जागा पुढं नडली, सांगते.

वेळापत्रक. दहावी-बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा म्हणजे आठवडाभर कोणी येत नाही आणि आलं तर ट्रॅफिकमध्ये अडकून येतं. म्हणून जून-मध्यापासून ऑक्टोबर एवढंच हातात राहतं, त्यात गणपती. मे महिन्यात तालमी ठेवायचा हट्ट करू नका, आपल्याकडं चाळीसच्या वर पारा, तबला सकाळी लावला की तासाभरात चढतो आणि पोरांपेक्षा तोच जास्त त्रास देतो. आम्ही रविवारी सकाळी आठ ते दहा ठेवलं, संपल्यावर खाणं. कोणीतरी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायचं, मला वाटतं निम्मी पोरं त्यासाठीच यायची.

शब्द दुसऱ्याचे घेणार असाल तर हक्कांचं बघून घ्या. आपल्याकडं कवी गेल्यानंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, त्यामुळं हयात कवी असो वा चाळीस वर्षांपूर्वी गेलेला, लेखी परवानगी लागते. फोनवरचं 'हो घे की' पुरत नाही, साधी ईमेल तरी घ्या. संतांचं काही घेतलं तर हा प्रश्न येत नाही, पण चाल तुमची आहे ना ते बघा, कारण अभंगांच्या चालीही कोणाच्या तरी असतात.

हॉल आणि माईक. हॉल बुक करताना भाडं, डिपॉझिट, लाईट, जनरेटर सगळं वेगवेगळं विचारा, मी फक्त भाडं विचारलं आणि आदल्या दिवशी वाढीव आकडा ऐकून एका काकांकडून उसने घेतले. साउंडवाल्या दादांना मात्र आठवडा आधी तालमीला बोलवा. त्यांना सवय एकेका गायकाला एकेक माईकची, ते २३ माईकचा हिशोब सांगायला लागतात. आम्हाला चार कंडेन्सर माईक पुरले, अर्धवर्तुळात उभे करून, मुलं मध्ये आणि मुली दोन्ही बाजूंना. आणि एको कमी, कृपा करून एको कमी. हे तीन वेळा सांगा, प्रयोगाच्या पाच मिनिटं आधी अजून एकदा सांगा.

प्रयोगाच्या दिवशी अडीचशेच्या आसपास लोक होते, निम्मे नातेवाईक. अकराव्या मिनिटापर्यंत सगळं नीट गेलं. मग धागा तुटला, सगळं थांबलं, तानपुराही मी थांबवायला सांगितला होता, आणि तिसऱ्या-चौथ्या मात्रेला मागून टाळ्या सुरू झाल्या. संपलं असं वाटलं त्यांना. मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला, एक आजोबा तर उभेच राहिले. तबलजी माझ्याकडं बघतोय, चेहऱ्यावर 'काय करलालीस ताई' असं स्पष्ट लिहिलेलं. मी हात खाली केलाच नाही. मोजत राहिले, एक आवर्तन गेलं, दुसरंही जाऊ दिलं, आणि बघते तर २३ जोड्या डोळे माझ्या हातावर, एकानंही मिटलेले नाहीत. समेवर हात आला तेव्हा सगळे एकदम आले, टाळ्यांच्या वरून. ते आजोबा खाली बसले.

डिसेंबरात दुसऱ्यांदा केलं तेव्हा त्या दहा मात्रांमध्ये तानपुरा चालू ठेवला, हळू, अगदी ऐकू येईल न येईल एवढा. कोणी टाळी वाजवली नाही.