कांद्याच्या मुळाची स्लाइड करताय? आधी अ‍ॅसिड काढून ठेवा

मागच्या सेमिस्टरला मायटॉसिसची (पेशीविभाजनाची) स्लाइड करताना मी अ‍ॅसिडची पायरीच विसरले आणि पाच दिवसांची मेहनत वाया गेली, म्हणून हे लिहितेय. १एन (म्हणजे एक नॉर्मल तीव्रतेचं) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. आत्ताच लिहून ठेवा.

कांदा चार दिवस आधी बसवा. बुडाची सुकी मुळं खरवडून काढा, पण खालची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच फुटतात. पाण्याला फक्त बूड टेकू दे, अख्खा बुडवला तर सडतो. मुळं दोनेक सेंटीमीटर झाली की सकाळीच कापायची, आठ ते दहाच्या सुमारास, तेव्हा विभाजन चाललेल्या पेशी जास्त मिळतात. लगेच फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत त्याच अवस्थेत थांबवणाऱ्या द्रावणात) टाका, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ताजंच बनवलेलं, २४ तास. जास्त दिवस ठेवायची असतील तर नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

आता अ‍ॅसिड. मुळं ६० अंशाच्या १एन अ‍ॅसिडमध्ये पाच ते दहा मिनिटं ठेवायची. पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, ते अ‍ॅसिडने सुटतं. मी थेट रंगात टाकली होती, रंग छान चढला, पण अंगठ्याने दाबलं तरी टोक पसरेचना, लाल गोळा तसाच्या तसा, आणखी जोर लावला तर कव्हरस्लिपच (वरची पातळ काच) तडकली. तेव्हा रंगाची बाटली उघडायच्या आधी स्वतःला विचारा, अ‍ॅसिड झालं का? आणि अ‍ॅसिडनंतर पाण्याने नीट धुवा, नाहीतर रंग धरत नाही.

अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये, म्हणजे त्या लाल रंगात, अर्धा तास तरी. स्लाइड दिव्यावरून फिरवताना रंगाला उकळी येऊ देऊ नका, मनगटाच्या मागे लावून सोसवेल इतकीच गरम. फिक्सेटिव्हची बाटली दिव्याजवळ अजिबात नको, अल्कोहोल आहे ते! गडद रंगलेलं टोकाचं एक-दोन मिलिमीटर ठेवा, बाकी टाकून द्या, वरच्या लांबट पेशींत विभाजन सापडत नाही. कव्हरस्लिप, टिपकागद, मग अंगठ्याने सरळ खाली दाब. बाजूला सरकवलंत तर पेशी गुंडाळल्या जातात.

कडेला नेलपॉलिश. मायक्रोस्कोपची आधी १०एक्स लेन्स, मग ४०एक्स. मेटाफेज (क्रोमोसोम पेशीच्या मध्यावर येतात ती अवस्था) मिळाली आणि क्रोमोसोम सुटे दिसले तर मोजा, १६ यायला हवेत. गोळाच दिसला तर अ‍ॅसिडची पायरी राहिलीय.