डिनो 246 घ्यायची का फेरारी 308 जीटीबी? पैसे द्यायच्या आधी काय बघायचं

बजेट जमलंय आणि गाडी या दोघींवर येऊन अडलीय, तर इंजिनाचा आवाज ऐकून लगेच भाळू नका, आधी पत्रा बघा. डिनो 246 जीटी, हीसुद्धा फेरारीचीच गाडी, 1969 ते 1974 मधली, मागे आडवं बसवलेलं 2.4 लिटरचं व्ही6, साधारण 195 एचपी. 308 जीटीबी 1975 ला पॅरिस शोमध्ये आली, 2.9 लिटरचं व्ही8, युरोपातलं कार्ब्युरेटरवालं मॉडेल 255 एचपी. डिझाइन दोन्हींचं पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीचं.

खिशात छोटा मॅग्नेट ठेवा, पातळ कपड्यात गुंडाळून, म्हणजे पेंटला ओरखडा नको. डिनोची बॉडी स्टीलची आणि ती मनापासून गंजते, दाराखालचा पट्टा, चाकांच्या कमानी, इथे मॅग्नेट चिकटला नाही तर आत लांबी (पुटी) भरलीय समजा. 308 मध्ये उलटं, सुरुवातीच्या साधारण 700 गाड्या फायबरग्लासच्या होत्या, 1977 पर्यंतच्या, आणि त्यांना भाव जास्त, म्हणून विकणारा फायबर म्हणत असेल आणि दाराला मॅग्नेट चिकटला तर तिथेच बोलणं थांबवा. मात्र फायबरवालीची चासी स्टीलचीच असते, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघाच.

इंजिनात मोठा फरक टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या यंत्रणेचा. डिनोला चेन आहे, 308 ला बेल्ट, आणि बेल्ट किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षांचा झाला ते महत्त्वाचं. गाडी नुसती उभी होती म्हणजे बेल्ट चांगला असेल असं नाही, तुटला तर व्हॉल्व्ह गेले. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

चासी नंबर: डिनोचे सम, 308 चे विषम. कागदावरचा आणि प्लेटवरचा चासी नंबर, तसंच इंजिनावरचा नंबर कागदावरच्या इंजिन नंबराशी, शांतपणे जुळवा.

आपल्याकडे व्हिंटेज नोंदणीला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं पूर्ण लागतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबर व्हीए सिरीजचा, आणि गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, सर्व्हिसिंग, पेट्रोल भरणं यासाठीच बाहेर काढायची. डिनोला हा प्रश्नच नाही, 308 चं मात्र साल आणि महिना नीट बघा. इम्पोर्टचे नियम ॲडव्हान्स द्यायच्या आधी कस्टम एजंटला विचारा.

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हात बसलेले कारागीर आहेत, बुश, ब्रॅकेट उत्तम करून देतात, पण काचा, ट्रिम (कडेच्या पट्ट्या वगैरे), लाइट बाहेरूनच मागवायचे, त्यामुळे यातलं काही गायब असलेली गाडी स्वस्त वाटली तरी स्वस्त पडत नाही.

माझं स्पष्ट मत, डिनो जास्त सुंदर आहे पण कितीतरी महाग, पहिल्यांदा घेणाऱ्याने सगळी बिलं असलेली कार्ब्युरेटरची 308 घ्यावी. दोन्हींपैकी कुठलीही आणलीत तरी पंपावरचं ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरायच्या आधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉल सोसणारे बसवून घ्या, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.