विहिरीत टेप सोडताय? आधी या चुका टाळा

भूजल प्रशिक्षणाची नवी बॅच आली की तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कॉम्प्युटरवर रंगीत नकाशे काढायचे असतात. पाण्याची पातळी मोजायला विहिरीच्या काठावर उन्हात पंधरा मिनिटं थांबायची मात्र कुणाची तयारी नसते. म्हणून चुकाही दरवर्षी त्याच.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे मोटर बंद दिसली की लगेच टेप सोडणं. ही मीही केलीय. पहिल्याच वर्षी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात बावीस विहिरी मोजून नकाशा काढला, तर गावाच्या मधोमध खड्डा! एका विहिरीचं पाणी शेजारणींपेक्षा चार मीटर खाली. मी अहवालात 'डाइकमुळे (खडकात घुसलेल्या उभ्या दगडी भिंतीमुळे) भूजल अडले असावे' असं ठोकून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, "त्या आठवड्यात लाइट कधी होती?"

परत गेलो. विहीरवाले काका म्हणाले, "रातचीच व्हती की. पहाटं सहापत्तोर मोटर चालू." मी मोजलं होतं साडेसातला. बेसॉल्टात, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, पाणी भेगांतून आणि कुजलेल्या खडकातून सावकाश पाझरतं. दीड तासात विहीर कुठली भरायला? पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आली, तेव्हा मोटर सुरू व्हायच्या आधी जाऊन मोजलं. खड्डा गेला, डाइकही गेला.

तेव्हापासून मी आधी लाइटची पाळी विचारतो, मग विहिरीच्या भिंतीवरची ओल बघतो. पाण्याच्या वर ताजा ओला पट्टा असेल तर उपसा नुकताच झालाय. एक माप घेतो, पंधरा मिनिटांनी दुसरं. पाणी चढत असेल तर ते माप स्थिर पातळी म्हणून लिहीत नाही. हे पुस्तकी नाही, माझी सवय आहे.

कठड्याची उंची वजा करा. कठड्यापासून ६.४ मीटर आणि कठडा ०.८, तर जमिनीपासून पातळी ५.६. एवढी वजाबाकी इंजिनिअर झालेली मुलंही विसरतात.

मोबाइलच्या जीपीएसवरून जमिनीची उंची घेऊ नका. ती काही मीटर इकडेतिकडे असते. तेवढ्या चुकीनं नकाशात पाणी ओढ्याकडे वाहायचं ते डोंगराकडे वाहताना दिसतं.

विहीर आणि खोल बोअर एकाच नकाशात कोंबू नका. मधे गेरूचा, म्हणजे पाणी सहज न जाऊ देणाऱ्या लाल मातकट खडकाचा थर असला की खालचं पाणी वेगळ्याच घरचं असू शकतं.

सच्छिद्रता आणि विशिष्ट उत्पन्न यांची गल्लत तर कायमचीच. खडकात मावणारं सगळं पाणी खडक सोडत नाही. मावतं ती सच्छिद्रता, सुटतं ते विशिष्ट उत्पन्न. कुजलेल्या बेसॉल्टासाठी हे उत्पन्न साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १०० हेक्टरवर पातळी १ मीटर उतरली तर २०,००० घनमीटर. मागे एका पठ्ठ्याने मांजऱ्या दगडाची (भोकाभोकांच्या बेसॉल्टाची) भोकं बघून २० टक्के धरले आणि गावाला दसपट पाणी वाटून टाकलं.

या मेची पातळी गेल्या ऑक्टोबरशी लावून 'घट' म्हणू नका. मेशी मे लावा. शेतकरी परसात (माणसाच्या उंचीच्या मापात) सांगतो, बोअरवाला फुटात, तुम्ही लिहिता मीटरमध्ये, तेव्हा एकक प्रत्येक आकड्यापुढे हवंच.

आणि वहीत सगळी मापं ५.५, ६.०, ६.५ अशी गोल दिसली की मला कळतं, टेप पाण्याला लागलेलाच नाही. त्या वहीचा मालक दुसऱ्या दिवशी सगळ्या विहिरी पुन्हा फिरतो, पायी.