जुन्या ट्रकचा हँडब्रेक: आधी चाक, मग केबल

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा देवास नाक्यावर रांगेनं उभ्या असलेल्या जुन्या मालगाड्या बघितल्या तर बऱ्याच गाड्यांच्या चाकामागे दगड लावलेला दिसेल. हँडब्रेक लागत नाही म्हणून ड्रायव्हर तो ओढत नाही, आणि कोणी ओढतच नाही म्हणून तो आणखी गंजत जातो. माळव्याच्या सपाटीवर हे खपून जातं. मानपूरच्या पुढे गणेश घाटात किंवा खंडवा रोडवरच्या भेरूघाटात भरलेली गाडी बंद पडली की दगड शोधायला क्लीनरची धावपळ होते. शिवाय फिटनेस आहेच: मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, आणि तिथे हँडब्रेकही बघतात.

गॅरेजमध्ये नव्यानं काम शिकणाऱ्याचा हात पहिल्यांदा जातो तो लिव्हरखालच्या नटाकडे. नट आवळला, लिव्हर घट्ट झाली, काम संपलं! इथेच फसगत होते. केबल ताणलेली राहिली की ड्रमच्या (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्याच्या) आतली पार्किंगची लिव्हर पूर्ण मागे येत नाही, शू (ड्रमला आतून दाबणारे कमानदार तुकडे) आपल्या जागी टेकत नाहीत आणि शू-ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणारा अॅडजस्टर असेल तर त्याचं कामच थांबतं. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, झिजत जातो, पेडल खाली जायला लागतं आणि महिनाभरात हँडब्रेक पुन्हा ढिला होतो. म्हणून आधी चाक उघडायचं आणि केबलला सगळ्यात शेवटी हात लावायचा. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, हलके ट्रक, म्हणजे ज्यांचा हँडब्रेक केबलनं मागच्या ड्रमवर लागतो, त्या सगळ्यांना हाच क्रम लागू आहे.

गाडी काँक्रीटवर घ्या. आपल्याकडची काळी माती वरून कोरडी दिसली तरी जॅक आणि घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) तिच्यात रुततात. नाइलाजच असेल तर खाली जाड लाकडी फळी टाका. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मागच्या चाकांचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मागचा अॅक्सल उचलून घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, उस्ताद घाई करत असला तरी नाही. मग गाडी न्यूट्रल करा आणि हँडब्रेक पूर्ण सोडा.

ड्रम सहसा सहज निघत नाही. झिजून त्याच्या आतल्या कडेला धार तयार झालेली असते आणि शू तिच्यात अडकतात. मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरनं आतलं अॅडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवा, म्हणजे शू आत सरकतील. पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. कडेवर घण घालू नका, बीड (ओतीव लोखंड) आहे, टवका उडतो. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपनं किंवा तोंडानं फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसा.

आता नीट बघा. रिव्हेटवाल्या लायनरमध्ये रिव्हेटच्या डोक्यावर निदान एक मिलिमीटर आणि चिकटवलेल्यात निदान दीड ते दोन मिलिमीटर माल हवा; कंपनीचं माप हाताशी असेल तर तेच प्रमाण. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेलेला ड्रम खरादवर (लेथवर) देण्यात अर्थ नाही. लायनर तेलकट असेल तर तेल कुठून आलं ते आधी शोधा: हबच्या सीलमधून गिअर ऑइल, की व्हील सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर शू ढकलणाऱ्या नळीतून) ब्रेक ऑइल. सिलिंडरचं रबर हलकेच उचललं की आत ओल दिसते. तेल प्यायलेला लायनर रॉकेल टाकून जाळायची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. वरचं तेल जळतं, आत मुरलेलं पुन्हा वर येतं. बदलायचा तर दोन्ही बाजूंचा सेट एकत्र बदला.

हँडब्रेकचं खरं दुखणं बहुतेक वेळा शूवरच्या लिव्हरच्या पिनमध्ये किंवा केबलमध्ये असतं. पिन गंजली की लिव्हर जाते, पण परत येत नाही. ती बोटांनी फिरवून बघा. अडत असेल तर काढून घासा, पिनेचं भोक लांबट झालं असेल तर लिव्हर बदला. दोन शूंमधली पट्टी आणि स्प्रिंग उलटसुलट बसवण्याची चूक फार होते, म्हणून एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते, फक्त डाव्या-उजव्याचा आरसा लक्षात ठेवा. प्लेटवर शू जिथे घासतात ते उंचवटे साफ करून तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस नखाएवढंच लावा. साधं चॅसिस ग्रीस वितळून लायनरवर उतरतं.

केबल तपासताना गाडीखाली समतोल पट्टीकडे जा, जिथून एक केबल दोन चाकांना वाटली जाते. कोणाला तरी लिव्हर हळूहळू ओढायला सांगा आणि पट्टीवर नजर ठेवा. ती सरळ राहून मागेपुढे सरकली तर दोन्ही बाजू सारखं काम करताहेत. एका अंगाला कलली तर एक केबल अडकली आहे, किंवा ताणून लांब झाली आहे. दोन्ही केबल सोडवून एकेक हातानं ओढा: तार आवरणात गुळगुळीत सरकली पाहिजे. आवरण फाटलेलं, टोकाचा रबरी बूट गेलेला, तारेचे धागे उसवलेले असतील तर बदलणं हाच उपाय. तेल सोडून मोकळी केलेली गंजकी केबल पहिल्या पावसातच पुन्हा धरते. नवी केबल जुन्याच क्लिपांतून, जुन्याच वळणानं न्या. सायलेन्सरजवळून गेली तर आवरण वितळतं.

जोडणी झाली की केबल ढिलीच ठेवून ड्रम बसवा. दातेरी चाक फिरवत शू इतके उघडा की ड्रम हातानं फिरेनासा होईल. पेडल दोन-तीनदा दाबून शू मधोमध बसू द्या, मग ड्रम हलका घासत पण मोकळा फिरेपर्यंत दाते मागे घ्या. दोन्ही बाजूंना घासणं सारखं हवं. त्यानंतरच केबलचा नट: नुसता ढिलेपणा जाईल इतका. बऱ्याच गाड्यांत लिव्हर पाच ते आठ टक-टकांत चाकं धरते. एक-दोन टकांतच धरत असेल तर केबल जास्त ताणली आहे. लिव्हर सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरलं की लॉकनट आवळा, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो ना तेही बघा.

चाकाचे नट समोरासमोर आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघा. दहाएक किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच तापला असेल तर त्या बाजूचा शू घासतोय. चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे तोंड करून गाडी धरते का पाहा, चाकामागे ठोकळा तयार ठेवूनच. लायनर नवे असतील तर पहिले काही दिवस पकड कमी वाटेल, तेवढ्यावरून केबल आवळायला धावू नका.

हवेच्या ब्रेकचे मोठे ट्रक मात्र वेगळे. तिथे जाड स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते. टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत चाकं जाम असणं साहजिक आहे. मागच्या चेंबरचा (चाकाजवळच्या ब्रेकच्या हवेच्या डब्याचा) स्प्रिंगवाला भाग शिकाऊ माणसानं उघडायचा नाही. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. हवा नसताना ब्रेक सोडवायला चेंबरसोबत येणारा लांब बोल्ट वापरतात, तोही ठोकळे लावल्यावरच, आणि खराब चेंबर दुरुस्त करण्याऐवजी अख्खं नवं बसवतात.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर ओले शू ड्रमला चिकटतात. अशा वेळी हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळे लावा. चिकटलेच, तर जोरात रेस देऊन गाडी ओढू नका, लायनर उखडतो. ड्रमवर लाकडी ठोकळ्यानं चार-सहा ठोके मारले की बहुतेक वेळा सुटतात.